पाताऱ्याच्या किनाऱ्यावर जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, अंताल्या प्रांताच्या काश तालुक्यात पातारा आहे. भूमध्य समुद्रावरचा हा वाळूचा किनारा सुमारे 18 किलोमीटर लांब आहे आणि एवढ्या लांबीत वाळूला लागून एकही हॉटेल नाही. मागे वाळूच्या टेकड्या, त्यांच्या मागे पाणथळ जमीन आणि तिच्या कडेला एका प्राचीन बंदराचे अवशेष. जाण्याआधी लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

एवढा मोठा किनारा रिकामा राहिला कसा? कोणाला हॉटेल बांधावंसं वाटलं नाही?

वाटलं असणारच. शेजारचं कालकान बघा, डोंगरउतारावर पांढऱ्या बंगल्यांची रांग लागली आहे. पाताऱ्याला दोन गोष्टींनी वाचवलं. एक म्हणजे जमिनीखालचं शहर. किनाऱ्यामागचा सगळा भाग संरक्षित पुरातत्त्व क्षेत्रात येतो, त्यामुळे गावातही नवं बांधकाम करणं अवघड आहे. दुसरी गोष्ट समुद्री कासवं. लॉगरहेड जातीच्या माद्या इथे अंडी घालायला येतात आणि 1990मध्ये हा परिसर विशेष पर्यावरण संरक्षण क्षेत्र म्हणून जाहीर झाला.

याच किनारपट्टीवर पुढे दाल्यानजवळ इझतुझू नावाचा किनारा आहे. तिथे 1980च्या दशकात वाळूवर मोठं हॉटेल उभं राहणार होतं. जून हायमॉफ नावाच्या, तिथेच झोपडीत राहणाऱ्या इंग्रज बाईंनी आणि त्यांच्याबरोबरच्या निसर्गप्रेमींनी आवाज उठवला, तो युरोपभर पोचला, प्रकल्प थांबला आणि 1988मध्ये तो भाग संरक्षित झाला. तेव्हा या भागातले मोकळे किनारे आपोआप मोकळे राहिलेले नाहीत. कोणीतरी भांडलं आहे, आणि आजही रोज संध्याकाळी कोणीतरी लोकांना वाळूवरून बाहेर काढतं म्हणून ते तसे आहेत. खालची बरीच उत्तरं याच गोष्टीभोवती फिरतात.

कधी जावं?

मेचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35च्या आसपास जातो, वाळूवर अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि सावली तर मुळीच नाही.

महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्टीत बसवायचं असेल तर मे महिना उत्तम. हवा सुखद असते, डोंगर अजून हिरवे असतात. मात्र पाणी 20-22 अंशांचं असतं. कोकण-गोव्याच्या कोमट समुद्राची सवय असलेल्यांना पहिल्यांदा आत शिरताना चांगलाच गारठा जाणवतो. उलट ऑक्टोबरात हवा निवते तरी पाणी 25 अंशांच्या जवळ असतं, म्हणून पोहण्यासाठी मी ऑक्टोबरच सुचवेन. दिवाळी ऑक्टोबरात आली तर योग जुळतो. नोव्हेंबरात आली तर नाद सोडा. भूमध्य समुद्राकाठचा पावसाळा हिवाळ्यात असतो, आणि त्या सुमारास गावातल्या बऱ्याचशा खानावळी आणि लॉज बंद होतात.

भारतातून कसं पोचायचं?

मुंबईहून इस्तंबूलला थेट विमान आहे. तिथून दालामानचं देशांतर्गत विमान घ्यायचं, सव्वा तासाच्या आसपास लागतो. दालामानपासून पातारा मोटारीने साधारण सव्वा तासावर. अंताल्या विमानतळ त्याच प्रांतातला म्हणून जवळ वाटतो, पण तिथून वळणावळणाच्या रस्त्याने साडेतीन-चार तास लागतात. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून अंताल्याला उतरू नका.

स्वतःची गाडी नसेल तर दालामान विमानतळावरून बसने फेतिये गाठायचं आणि फेतियेच्या बसस्थानकावरून कालकान-काशकडे जाणारी मिनीबस पकडायची. काही मिनीबस पाताऱ्याच्या गावात जातात, काही हमरस्त्यावरच्या फाट्यावर सोडतात आणि गाव तिथून काही किलोमीटर आत आहे. बसमध्ये चढतानाच ‘गेलेमिश?’ असं विचारून घ्या. गावाचं नाव गेलेमिश आहे.

ब्रिटन-जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींचं काम सोपं आहे. उन्हाळ्यात तिथल्या बऱ्याच शहरांतून दालामानला थेट विमानं असतात.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्टवर जात असाल आणि शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा किंवा निवासी परवाना हातात असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. यातलं काहीच नसेल तर व्हिसा केंद्रातून रीतसर अर्ज करावा लागतो, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी अधिकृत संकेतस्थळ पाहा.

2025च्या मे महिन्यानंतर भारतातल्या बऱ्याच प्रवास कंपन्यांनी तुर्कस्तानच्या सहली विकणं थांबवलं, हे वाचकांना माहीत आहे. जायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. ज्यांचं ठरलं आहे त्यांनी सगळं आरक्षण स्वतः करण्याची तयारी ठेवावी.

राहायचं कुठे?

गेलेमिश गावातच. वाळूवर राहायची सोय नाही आणि ती नाही हेच बरं. गावात घरगुती लॉज आणि छोटी हॉटेलं आहेत, बहुतेक एकेका कुटुंबाची. सकाळचा नाश्ता बहुधा भाड्यातच असतो: टोमॅटो, काकडी, ऑलिव्ह, पांढरं चीज, अंडी, मध, घरचा मुरंबा आणि मागाल तितका चहा. टोमॅटो आवर्जून खा. शेजारच्या कनिक गावच्या मैदानात नजर पोचेल तिथवर हरितगृहं आहेत आणि तिथलं मुख्य पीक तेच.

कालकानला राहून दिवसापुरतं पाताऱ्याला येणारे पुष्कळ आहेत. कालकान पंधरा-एक किलोमीटरवर आहे, तिथे हॉटेलं झकपक आणि संध्याकाळी वर्दळ. ज्यांना रात्री फिरायला बाजार हवा त्यांनी तिथे राहावं. पण सकाळी लवकर वाळूवर पोचायचं असेल तर गेलेमिशला पर्याय नाही. तीन रात्री तरी ठेवा, कारण एक दिवस वाऱ्याने वाया जाण्याची शक्यता असतेच.

गावातून किनारा किती लांब आहे?

तीन-साडेतीन किलोमीटर. रस्ता डांबरी आहे आणि अवशेषांमधून जातो. उन्हाळ्यात गावातून दोलमुश, म्हणजे तिथली वडाप, ये-जा करते. सकाळी चालत जायला हा रस्ता फार सुंदर आहे, एका बाजूला कमान, पुढे थडगी, शेळ्या, ऑलिव्हची झाडं. दुपारी मात्र चालू नका. परतीची शेवटची दोलमुश किती वाजता आहे हे उतरतानाच विचारून घ्या.

तिकीट लागतं का?

लागतं. किनाऱ्याचा रस्ता अवशेषांतून जातो म्हणून तिकीट एकच, दोन्हींचं मिळून. परदेशी पाहुण्यांचे दर आता युरोत लावलेले असतात आणि ते बदलत राहतात, म्हणून इथे आकडा देत नाही. तीन-चार दिवस राहणार असाल तर अनेक वेळा आत सोडणारं तिकीट आहे का ते खिडकीवर विचारा. सरकारी संग्रहालयांचा पास काढणार असाल तर तो इथे चालतो का तेही तिथेच कळेल.

किनारा रात्री बंद का असतो?

कासवांसाठी. मेपासून हंगाम संपेपर्यंत साधारण रात्री आठ ते सकाळी आठ वाळूवर जायला बंदी असते. नेमकी वेळ फाटकावरच्या फलकावर लिहिलेली असते, ती पाळा.

कारण समजून घेतलं की नियम जाचत नाही. मादी अंधार पडल्यावर पाण्याबाहेर येते. वाळूवर माणसाची हालचाल किंवा टॉर्चचा उजेड दिसला तर ती अंडी न घालताच परत फिरते. वर आलीच तर वल्ह्यांसारख्या मागच्या पायांनी खड्डा खणून त्यात शंभरएक अंडी घालते, वाळू लोटून बुजवते आणि निघून जाते. साधारण दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, तीही बहुधा रात्रीच. त्यांना दिशा कळते ती उजेडावरून. मोकळ्या किनाऱ्यावर समुद्राकडचं क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असतं, पिल्लू तिकडे जातं. मागे हॉटेलचे दिवे असले की ते उलटं चालू लागतं आणि सकाळच्या उन्हात मरतं. पाताऱ्याला मागे दिवे नाहीत. एवढ्या एका गोष्टीसाठी हा किनारा मोलाचा आहे.

मग आम्हाला कासव दिसणारच नाही?

बहुतेक नाही. पण खुणा दिसतील, आणि त्या वाचता आल्या तर मजा वेगळीच. जून-जुलैमध्ये फाटक उघडल्याबरोबर आत जा आणि गर्दीच्या जागेपासून उजवीकडे चालत सुटा. वारा सुटण्याआधी वाळूवर पाण्यापासून वर चढत गेलेला हातभर-दोन हात रुंद पट्टा दिसतो. मधोमध पोट घासल्याचा सपाट माग आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे स्वल्पविरामासारखे ठसे. ते समोरासमोर नसतात, एक आड एक असतात, कारण लॉगरहेड उजवं-डावं असं आळीपाळीने चालतं. हिरव्या कासवाचे ठसे समोरासमोर जोडीने पडतात. पट्टा वर जाऊन जिथे वाळू विस्कटलेली, उकरून फेकल्यासारखी दिसते तिथे घरटं असण्याची शक्यता. शेजारूनच परतीचा दुसरा पट्टा पाण्याकडे गेलेला असतो. विस्कटलेली वाळू न दिसता पट्टा नुसताच वळून परत गेला असेल, तर मादीचं काहीतरी बिनसलं आणि ती तशीच फिरली. त्या पट्ट्यांवर पाय देऊ नका. नोंदी ठेवणारी मंडळी सकाळी हेच ठसे बघून घरटी मोजतात आणि त्यावर जाळीचे पिंजरे लावतात, कोल्हे-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

ऑगस्ट-सप्टेंबरात कधी एखादं उशिरा निघालेलं पिल्लू सकाळी वाळूवर दिसतं. त्याला उचलून पाण्यात सोडू नका. तेवढं अंतर त्याने स्वतः चालणं गरजेचं असतं. गर्दी बाजूला करा, सावली पडेल असं वाकू नका, आणि शक्य तितक्या लवकर रखवालदाराला कळवा.

पिल्लं पाण्यात जाताना बघायचीच असतील तर त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास गाठा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथलं संवर्धन उभं केलं. तिथली कासवं ऑलिव्ह रिडले, हंगाम हिवाळा-उन्हाळ्याचा आणि पद्धतही निराळी: अंडी कुंपणाच्या आत हलवतात आणि पिल्लं निघाली की ठरल्या वेळी सर्वांसमोर सोडतात. पाताऱ्यात घरटं शक्यतो जागेवरच राहतं आणि माणसाला बाहेर ठेवतात. वेळास पाहिलेल्या माणसाला पाताऱ्याचे नियम पटकन उमगतात, असा माझा अनुभव आहे.

छत्री कुठेही लावली तर चालते का?

नाही. घरटी पाण्याच्या अगदी कडेला नसतात, थोडी वर असतात. छत्रीची दांडी त्या पट्ट्यात खोल रोवली तर अंड्यांत घुसू शकते. म्हणून घरट्यांच्या पट्ट्याच्या अलीकडे, पाण्याजवळच्या ओलसर वाळूत छत्री लावायची. मुलांनी खणलेले खड्डे निघण्याआधी बुजवा, वाळूचे किल्ले मोडा. रात्री येणारी मादी खड्ड्यात अडकते आणि पिल्लाला तर वीतभर खोल खड्डाही पार होत नाही. शेकोटी, वाहनं, तंबू, सगळ्याला मनाई आहे.

तिथे सोयी कोणत्या?

किनाऱ्याच्या प्रवेशापाशी एक उपाहारगृह आहे. खुर्च्या आणि छत्र्या भाड्याने मिळतात, स्वच्छतागृह आणि अंघोळीचे फवारे आहेत. झालं. तिथून दहा-पंधरा मिनिटं चाललात की पुढे फक्त वाळू, आणि ती एशेन नदीच्या मुखापर्यंत जाते. म्हणून पाणी भरपूर न्या, माणशी दोन लिटर तरी. जितकं दूर जाल तितकंच उन्हातून परत यायचं आहे हे निघताना लक्षात ठेवा.

पोहायला सुरक्षित आहे का?

सकाळी, बहुतेक दिवशी, हो. पाणी बरंच आतपर्यंत उथळ आहे. पण हा बंदिस्त खाडीतला किनारा नाही. समोर बेट नाही, आडोसा नाही, थेट खुला समुद्र. दुपारनंतर वारा वाढतो, लाटा फुटायला लागतात आणि पाण्याला ओढ लागते. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, ओढीचा पट्टा अरुंद असतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांनीही गर्दीपासून दूर एकट्याने आत जाऊ नये. तिथे ओरडलेलं ऐकायला कोणी नसतं.

कोकणातल्या माणसाला एक गोष्ट चुकल्यासारखी वाटेल: भरती-ओहोटी. आपल्याकडे पाणी काही मीटर चढतं-उतरतं, ओहोटीला किनारा दुप्पट होतो. भूमध्य समुद्राला अरुंद जिब्राल्टरमधूनच अटलांटिकची वाट, त्यामुळे इथला फरक जेमतेम काही सेंटिमीटरांचा. सकाळी पंचा जिथे पसरला तिथे संध्याकाळीही तो कोरडाच. भरतीचं वेळापत्रक बघायची गरज नाही, वाऱ्याचा अंदाज मात्र रोज बघा. पाणी अरबी समुद्रापेक्षा खारट आहे, डोळ्यांना झोंबतं. अंग तरंगायला मात्र जरा सोपं जातं.

दुपारच्या वाऱ्याचा इतका त्रास होतो का?

होतो. वारा चढला की वाळू पायांना टोचते आणि डब्यात, कॅमेऱ्यात, कानात शिरते. दिवसाची आखणी वाऱ्यावरच करा. सकाळी आठ ते बारा किनारा, दुपारी गावात झोप, चारनंतर अवशेष, मग वारा पडला असेल तर बंदीच्या वेळेआधी पुन्हा वाळूवर सूर्यास्त. किनारा नैर्ऋत्येला तोंड करून आहे, सूर्य समुद्राकडेच उतरतो.

सोबत काय न्यावं?

जाड तळाच्या चपला, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, सनस्क्रीन, पोहायचा चष्मा आणि डासांचं मलम. डास खरोखर आहेत. जुनं बंदर गाळाने भरून दलदल झालं आहे, आणि संध्याकाळी गावातल्या गच्चीवर बसलात की त्याचा प्रत्यय येतो. कचऱ्यासाठी एक पिशवी ठेवा, दूरच्या वाळूवर कचरापेटी नाही.

लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर?

मुलांसाठी उथळ पाणी आणि अपार वाळू, आणखी काय हवं? सावलीची सोय तेवढी बघा, म्हणजे उपाहारगृहाजवळच बसा. ज्येष्ठांना वाळूतून चालणं जड जातं. प्रवेशापासून पाण्यापर्यंतचं अंतर फार नाही, पण गुडघे दुखत असतील तर सकाळी आठलाच घेऊन जा आणि अकराच्या आत परत आणा. अवशेषांतली मुख्य ठिकाणं रस्त्याजवळ आहेत, गाडी असेल तर सगळ्यांना बघता येतात.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं कसं?

उपाशी राहणार नाही. गावात ग्योझलेमे मिळतं. त्याची कृती बघत बसण्यासारखी आहे. बाई जमिनीलगतच्या बुटक्या पाटाशी बसते, हातभर लांब बारीक लाटण्याने पारीला कागदासारखी पातळ करते, त्यावर पालक आणि चुरलेलं पांढरं चीज पसरून घडी घालते आणि घुमटासारख्या लोखंडी तव्यावर टाकते. खानदेशात मांडे भाजायला खापर पालथं घालतात, तसाच हा तवा. खाली लाकडाचा जाळ. वरून लोणी फिरवून गरम गरम ताटात. सोबत आयरान, म्हणजे खारं ताक. बटाट्याचं ग्योझलेमेही असतं, चीज न खाणाऱ्यांना ते चालेल.

त्याखेरीज ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या असतात: फरसबी, वांगी, आर्टिचोक. मसुराचं सूप सगळीकडे मिळतं, पण कधी कधी ते हाडांच्या पाण्यात करतात. ‘एतसिझ?’ असं विचारा, म्हणजे मांस नसलेलं आहे का. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या भातभरल्या असतात तशा खिमाभरल्याही असतात, तिथेही हाच प्रश्न. जैन मंडळींनी थेपले-खाकरे बरोबर ठेवावेत. कांदा-लसूण टाळणं कठीण आहे.

कपड्यांबाबत काही बंधन?

वाळूवर पोहण्याचे कपडे सर्वमान्य आहेत. गावात आणि दोलमुशमध्ये वर काहीतरी चढवा, ही शेतकऱ्यांची वस्ती आहे. पूर्ण कपड्यांत पाण्यात उतरणाऱ्या तुर्की बायकाही दिसतील, त्यामुळे आपल्याकडच्या बायकांना पंजाबी ड्रेसमध्ये लाटांत उभं राहायचं असेल तर कोणी वळून पाहणार नाही.

अवशेष बघण्यासारखे आहेत का, की नुसते दगड?

बघण्यासारखे आहेत, आणि किनाऱ्याच्या घाईत ते टाळू नका. पातारा हे प्राचीन लिशियाचं, म्हणजे या किनारपट्टीवरच्या जुन्या मुलखाचं, मोठं बंदर. आज तिथे समुद्राचं पाणी दिसत नाही, कारण एशेन नदीच्या गाळाने आणि वाऱ्याने आणलेल्या वाळूने बंदर बुजलं. जी वाळू बघायला आपण जातो तिनेच हे शहर गिळलं. नाट्यगृह कितीतरी काळ वाळूत बुडालेलं होतं, ते उपसून काढावं लागलं. अक्देनिझ विद्यापीठाच्या फाहरी इशिक यांनी 1988मध्ये सुरू केलेलं उत्खनन अजून चालू आहे.

सगळ्यात आधी सभागृहाकडे जा. लिशियातली शहरं एकत्र येऊन कारभार चालवत आणि त्यांचे प्रतिनिधी इथे बसत. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलं आहे की 23 शहरांना मत होतं: मोठ्यांना तीन, मधल्यांना दोन, उरलेल्यांना एक. आकारमानाप्रमाणे मतांची ही वाटणी फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांना इतकी पटली की संघराज्याचा उत्तम नमुना म्हणून त्यांनी लिशियाकडे बोट दाखवलं, आणि अमेरिकेची राज्यघटना घडत असतानाच्या वादांतही हा दाखला आला. तुर्कस्तानच्या संसदेच्या मदतीने हे सभागृह दुरुस्त केलं आहे. सुमारे 1400 माणसं मावतील अशा अर्धवर्तुळाकार दगडी पायऱ्या आहेत, त्यावर बसता येतं. मधल्या ओळीत दहा मिनिटं बसा. मतदानाच्या रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही ही जागा परकी वाटत नाही.

बाकीचं भराभर पाहिलं तरी चालेल: गावाच्या बाजूची तीन कमानींची वेस, इ.स. 100च्या सुमारास मेत्तियस मोदेस्तस या रोमन सुभेदाराच्या मानार्थ उभारलेली, खांबांचा मुख्य रस्ता, ज्याचा काही भाग हिवाळ्यात पाण्याखाली जातो, स्नानगृहं. पश्चिमेला रोमन सम्राट नीरोच्या काळातलं, इ.स. 64-65च्या सुमाराचं दीपगृह आहे. जगातल्या ज्या जुन्या दीपगृहांचे अवशेष शिल्लक आहेत त्यांत त्याची गणना होते, आणि मूळ दगड वापरून ते पुन्हा उभं करण्याचं काम हाती घेतलेलं आहे. आज त्याच्या पायथ्यापासून समुद्र बराच दूर आहे. बंदर किती सरकलं ते तिथे उभं राहिल्यावर डोळ्यांनी कळतं.

सांताक्लॉज इथला, हे खरं का?

ज्या संत निकोलसवरून सांताक्लॉजची कथा वाढली, ते तिसऱ्या शतकात पाताऱ्यात जन्मले असं परंपरा सांगते. पुढे ते मायराचे बिशप झाले. मायरा म्हणजे आजचं देमरे, तिथे त्यांच्या नावाचं चर्च आहे. बर्फाचा आणि रेनडिअरचा या उन्हाळी मुलखाशी काही संबंध नाही, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

पायी येता येईल का?

येईल. लिशियन वे नावाची 500 किलोमीटरहून लांब पायवाट 1999मध्ये आखली गेली, ती पाताऱ्यातून जाते. सगळी चालायची गरज नाही. कालकानकडून येणारा टप्पा घ्या, वाटेत देलिक्केमेर लागतं: पाताऱ्याला पाणी नेणाऱ्या पाटाचा भाग. दरीच्या आरपार भिंत बांधून तिच्यावर आरपार भोकं पाडलेले दगड एकाला एक जोडले आहेत, दगडांचाच नळ. पाणी दाबाने खाली उतरून पलीकडे चढत असे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ही वाट अवघड नाही, पण झाडी विरळ आणि पाणी दुर्मीळ. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरातच चाला.

जवळपास आणखी काय?

झान्थॉस आणि लेटून ही लिशियाचीच दोन प्राचीन ठिकाणं मिळून 1988मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. दोन्ही अर्ध्या तासाच्या आत. लेटूनला देवळांच्या पायात पाणी साचलेलं असतं आणि त्यात बेडूक ओरडत असतात. लेटो देवीला पाणी पिऊ न देणाऱ्या गावकऱ्यांना तिने बेडूक केलं अशी कथा आहे, तेव्हा बेडूक तिथे हक्काने राहतात. साकलकेंतची घळ उन्हाच्या दिवशी गाठा, बर्फासारख्या पाण्यातून चालावं लागतं. कापुताशचा छोटा किनारा फोटोत फार देखणा दिसतो, पण उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. पाताऱ्यात राहून तिथे गर्दीत जावं, हे मला पटत नाही.

पैसे आणि फोन?

हॉटेलात कार्ड चालतं, दोलमुशला आणि ग्योझलेमेवालीला रोख लिरा द्या. रोख कालकान किंवा कनिकमधून काढून ठेवा. सिमकार्ड शहरात घ्या, गावात उतरल्यावर शोधत बसू नका. दूरच्या वाळूवर फोन लागेलच असं धरून चालू नका. कोणत्या बाजूला जाताय आणि किती वाजता परत येणार हे लॉजच्या मालकांना सांगून निघा. ही माणसं लक्ष ठेवतात, उशीर झाला तर शोधायला येतात.